वेळींच थांबणें

कलावंतानें अखेरच्या श्वासापर्यंत गात राहावें, असा उपदेश रसिक म्हणविणाऱ्या मंडळींकडून वारंवार केला जातो. तो ऐकावयास गोड असला, तरी त्यांत रसिकतेपेक्षां स्वार्थच अधिक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत, अथेन्स येथें १९८० सालीं चार तरुणांनीं आर. ई. एम. हा गायकवादकांचा संच स्थापिला, आणि २१ सप्टेंबर २०११ रोजीं त्यानें आपलें विसर्जन जाहीर केलें. उघड भांडण नाहीं, दिवाळें नाहीं. मग थांबावें कां? आमचें उत्तर असें कीं, हीं कारणें नव्हतीं म्हणूनच ती वेळ योग्य होती. एकत्र कुटुंबाच्या वाटण्या भावाभावांत बोलणें आहे तोंवरच व्हाव्या, हें आपल्याकडील शहाणीं माणसें जाणतात. कज्जा कोर्टांत गेल्यावर वाटणी होते, पण भाऊपण उरत नाहीं.

या संचानें तें भाऊपण प्रथमपासून जपलें होतें. गीत कोणास सुचलें याचा हिशेब न ठेवतां श्रेय चौघांस सारखें दिलें जाई. तालवादक बिल बेरी यांस १९९५ सालीं लोझान येथें कार्यक्रम चालू असतांनाच मेंदूच्या रक्तवाहिनीचा जीवघेणा विकार उद्भवला. त्यांतून ते वांचले व १९९७ सालीं निवृत्त झाले. परंतु आपल्या जाण्यानें संच मोडणार असेल तर आपण जाणार नाहीं, असें त्यांनीं सोबत्यांस सांगितलें होतें. उरलेल्या तिघांनीं पुढें चौदा वर्षें काम केलें, मार्च २०११ मध्यें पंधरावा गीतसंग्रह देऊन प्रकाशकांशीं झालेला करार पुरा केला, आणि मगच निरोप घेतला.

कोणी म्हणेल, रोलिंग स्टोन्स १९६२ पासून गात आहेत. त्यांचे तालवादक चार्ली वॉट्स २०२१ मध्यें निवर्तले, तरी २०२३ मध्यें त्यांचा नवा संग्रह निघालाच. निघाला, आणि त्याबद्दल आम्ही त्यांस दोष देत नाहीं. नवें करण्याची हौस जिवंत असेल तर वय हा आक्षेपच नव्हे. आमचा आक्षेप श्रोत्यांवर आहे. त्यांस नवें गीत नको असतें. स्वतःचें गेलेलें तारुण्य परत हवें असतें. त्या मागणीस वश होऊन जुनेंच उगाळीत बसण्याचा मोह सोपा नाहीं. जुन्या टिपणांवर वर्षामागून वर्षें काढणाऱ्या आम्हां अध्यापकांस तो चांगला परिचित आहे!

१३ जून २०२४ रोजीं न्यूयॉर्क येथें गीतकारांच्या सन्मानसमारंभांत बेरींसह हे चौघेही एकत्र आले, एक गीत गाइले आणि खालीं उतरले. वेळींच विभक्त झालेल्यांसच असें पुन्हां एका पंक्तीस बसतां येतें.