अर्धवेळ शिक्षण अर्धवट नसावे

हिवाळा सरू लागला की पोंभुर्णा परिसरातील जंगलवाटांवर हिरडा-बेहडा वेचणाऱ्यांची लगबग सुरू होते. फळे अंगणात वाळतात, पोत्यांत भरली जातात, व्यापाऱ्याच्या काट्यावर चढतात आणि तालुक्याबाहेर जातात. पुढे त्यांचेच चूर्ण होऊन, डबीवर कुणाचे तरी नाव मिरवीत, ते औषधाच्या दुकानातून याच गावांत परतते. किलोच्या भावाने गेलेले फळ ग्रॅमच्या भावाने विकत घ्यावे लागते. या तफावतीचे सारे खापर दलालांवर फोडून चालणार नाही. तिच्या मुळाशी प्रक्रियेच्या ज्ञानाचा अभाव आहे.

या ज्ञानाचे मोल आपल्या देशाने अनुभवले आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावरची मक्तेदारी नाकारली. संरक्षण दिले ते केवळ औषध बनविण्याच्या पद्धतीला. १९७२ पासून हा कायदा अमलात आला आणि भारतीय रसायनतज्ज्ञांनी त्याच औषधांसाठी स्वतःच्या पद्धती सिद्ध केल्या. २००१ साली मुंबईच्या सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या वर होता. २००५ पासून उत्पादनालाही पेटंट मिळू लागले. तरीही एकदा कमावलेले कौशल्य कोणी हिरावून घेऊ शकले नाही.

चूर्णाला कसली आली आहे अभियांत्रिकी, असे कोणी विचारील. फळात ओल राहिली तर बुरशी धरते. दळताना यंत्र फार तापले तर द्रव्याचा गुण उणावतो. चाळणी एकसारखी नसेल तर मिश्रण समान होत नाही. म्हणूनच आयुर्वेदीय औषधांच्या कारखान्यांसाठी २००० साली ‘अनुसूची टी’ लागू झाली. कच्च्या मालाची पारख, स्वच्छता, प्रत्येक घाण्याचा क्रमांक आणि नोंद, तयार मालाची तपासणी हे सारे तिने बंधनकारक केले. परंपरेवरील श्रद्धा या नोंदवहीला पर्याय होऊ शकत नाही.

मग हे शिकायचे कोणी आणि कोठे? कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली नागपुरात उभी राहिलेली तंत्रसंस्था विदर्भाचे भूषण आहे. परंतु ज्याच्या मजुरीवर घराची चूल पेटते, त्या वनवासी तरुणाने चार वर्षे नागपुरात कशी काढावीत? आणि जो शिकून जातो, त्याला परत बोलावणारे काम गावात कोठे आहे?

उत्तर अर्धवेळ शिक्षणात आहे. नोकरदारांना सोयीच्या वेळेत पदविका व पदवी घेता यावी, अशी वाट अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून मोकळी केली. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यांनी शनिवार-रविवारचा प्रक्रिया-उत्पादनाचा अभ्यासक्रम पोंभुर्ण्यात आणावा. त्याचे वेळापत्रक धानाची रोवणी, मोहफुलांचा मोसम आणि तेंदूपानांचा हंगाम पाहून आखावे. सोबत लहानसे उत्पादन केंद्र असावे, म्हणजे फळ्यावर शिकलेले त्याच दिवशी वाळवणयंत्रावर पडताळता येईल.

मात्र येथे प्रामाणिकपणाची गरज आहे. अशा प्रमाणपत्राने कोणी नोंदणीकृत औषधनिर्माता होत नाही, आणि औषधनिर्मितीच्या परवान्यासाठी पूर्णवेळ पात्र तंत्रज्ञाची देखरेख लागतेच. ही गोष्ट पहिल्याच तासाला सांगितली पाहिजे. परीक्षाही कठोर हवी. वनवासी म्हणून गुणांत सवलत देणे ही सहानुभूती नव्हे. त्याने बनविलेले औषध कुणा रुग्णाच्या पोटात जाणार आहे. वेळ अर्धा द्यावा, कसोटी पूर्ण घ्यावी.

वेचणाऱ्या हातांना जंगल ठाऊक आहे. कोणते झाड केव्हा फळते, कोणते फळ पोकळ निघेल, हे त्यांना पुस्तकाने शिकविलेले नाही. त्या जाणतेपणाला तापमापकाची आणि तराजूची जोड देणे, एवढेच काम उरले आहे. ते आपण केले नाही, तर पुढल्या हिवाळ्यातही पोती भरतील, गाडी निघेल आणि डबीवर दुसऱ्याचेच नाव असेल.