माप हातात असतं

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर मी धोतर नेसून भरली. माझ्या लग्नात मी जे घातलं होतं त्याला धोतर म्हणत, पण ते शिवलेलं होतं, पाय घालून वर ओढायचं. कापडाचा सरळ तुकडा घेऊन तो स्वतःच्या हातांनी अंगावर बसवणं मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा केलं. आमच्या घरी घागर भरायचं काम आप्पांचं, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचं. गुडघे वाकत नाहीत म्हणून त्यांनी ते माझ्याकडे सोपवलं. अट एकच घातली: घागरीला बसायचं तर धोतर नेसून बस, आणि ते विकत घ्यायला तू स्वतः जा.

जामनेरच्या बाजारात आखाजीच्या आधीचे दिवस लग्नसराईचे. कापडदुकानांत पाय ठेवायला जागा नसते. मी धोतर मागितलं तेव्हा दुकानदाराने विचारलं, "तयार देऊ की जोडी?" तयार म्हणजे कमरेला इलास्टिक, बाजूला खिसा, पुढे निऱ्या कायमच्या शिवलेल्या. ते गठ्ठ्याने समोरच होतं, सोनेरी, मोतिया, राणी रंगातलं. जोडीसाठी मात्र पोऱ्याला शिडी लावून वर चढावं लागलं.

धोतराची जोडी मी इतक्या जवळून प्रथमच पाहत होतो. दोन पानं एकाच लांबीत विणलेली असतात, मध्ये सुताची थोडी मोकळी पट्टी, तिथे कात्री लावून ती वेगळी करायची. एक पान साधारण साडेचार मीटरचं. लांबीपेक्षा पन्हा बघा, असं दुकानदाराने बजावलं. उंच माणसाने ४४ इंची पन्हा घेतला तर धोतर पोटऱ्यांवर चढतं, त्याला ५० इंची लागतो. मला बारीक सुताचं, झिरझिरीत, लाल काठाचं आवडलं होतं. त्याने ते बाजूला सारलं आणि जरा जाड सुताचं पुढे केलं. "पहिल्यांदा नेसताय ना? बारीक कापड कमरेवरून घसरतं. हे धरून राहील. हात बसला की मग बारीक घ्या." ज्या माणसाला आपला माल माहीत आहे त्याच्याकडून खरेदी करण्यात मोठं समाधान असतं. तयार धोतर विकण्यात त्याला अधिक सुटतं, तरीही त्याने मला कापडाचे पदर उलगडून दाखवण्यात अर्धी दुपार घालवली.

जोडी कोण नेतं, हे मी त्याला विचारलं. लग्नातला मामा, तोही घरची वडीलधारी मंडळी आग्रही असली तर. दहाव्याच्या विधीला लागते म्हणून घाईघाईने येणारे. आणि जेठ महिन्यात वारकरी. कोथळीहून मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघायची असते त्या सुमाराला जामनेर, बोदवड, मुक्ताईनगर या भागातल्या वारकऱ्यांची खरेदी होते. खरं म्हणजे वारकऱ्यांनीच हे दुकानातलं वरचं फळकुट जिवंत ठेवलं आहे. वारी नसती तर धोतर आमच्या तालुक्यात फक्त लग्नाचं आणि मरणाचं वस्त्र उरलं असतं.

कोणे एके काळी सरकारला धोतरासाठी कायदे करावे लागत. गिरण्यांच्या स्वस्त धोतरांपुढे विणकर टिकेना, तेव्हा १९५३ साली गिरणीच्या धोतरांवर जादा अबकारी बसवणारा खास कायदा संसदेने केला. १९८५ च्या कायद्याखाली कापडाचे जे प्रकार हातमागासाठी राखून ठेवले त्यातही धोतर आहे. ज्या कापडावरून गिरणीवाले आणि विणकर दिल्लीपर्यंत भांडले, ते आज शिडी लावून काढावं लागतं. आमच्या भागापुरतं बोलायचं तर त्या गिरण्याही राहिल्या नाहीत. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, यांच्या भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं, असं आप्पा सांगतात.

नवीन धोतर तसंच नेसता येत नाही. त्याला खळ असते, ते पुठ्ठ्यासारखं ताठ राहतं. आप्पांनी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायला लावलं, सकाळी चोळून दोरीवर वाळवलं, तेव्हा कुठे ते अंगाशी बोलण्याजोगं झालं. मग खोलीचं दार लावून शिकवणी सुरू झाली. कापडाचा मध्य पाठीमागे कमरेवर धरायचा, दोन्ही टोकं पुढे आणायची आणि बेंबीखाली एकदा आवळून पीळ द्यायचा. ही पहिली आवळण हाच सगळा पाया. ती सैल राहिली तर पुढची कारागिरी वाया जाते. मग एका टोकाच्या निऱ्या पाडून ते दोन पायांतून मागे न्यायचं आणि पाठीशी कासोटा खोचायचा. दुसऱ्या टोकाच्या निऱ्या पुढे खोचायच्या, काठ वर येईल अशा, म्हणजे चालताना सोगा सरळ पडतो. पट्टा नाही, नाडी नाही, बटण नाही. कापडानेच कापड धरायचं.

मी पोट आत ओढून आवळत होतो. आप्पांनी पाठीवर थाप मारली. "श्वास सोड. जेवाले बसायचं आहे तुले." हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं. उभं राहून श्वास रोखून नेसलेलं धोतर पहिल्या घासाला सुटतं. नेसून झाल्यावर त्यांनी मला आरशाकडे जाऊ दिलं नाही, अंगणात पाठवलं. "आधी चाल. मग मांडी घालून बस. उठल्यावर जागेवर राह्यलं त नेसलं म्हनाचं."

ते जागेवर राहिलं. वैशाखातलं जळगावचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना मी धोतराचं पहिलं सुख सांगू शकतो. पारा ४४-४५ वर असताना जीन्समध्ये मांडी घालून बसणं ही शिक्षा असते. धोतरात हवा खेळते, गुडघा मोकळा दुमडतो, उकिडवं बसताना कुठे शिवण ताणत नाही. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, सांजोरीचा नैवेद्य दाखवला, आजोबा-पणजोबांची नावं घेतली. त्यांपैकी एकानेही आयुष्यात पँट घातली नव्हती. त्यांच्यासमोर त्यांच्यासारखं बसलो आहे, ही जाणीव अंगाला होत होती.

त्या दुपारी आप्पांशी जे बोलणं झालं त्याने माझी धोतराकडे बघण्याची नजर बदलली. मी समजत होतो की धोतर नेसण्याची एक पद्धत असते. आप्पा म्हणाले, एक कुठली? निंदणी-कोळपणीला जाताना तेच पान गुडघ्याच्या वर घट्ट ओढून खोचायचं. बाजाराला निघाल्यावर पोटरीपर्यंत सोडायचं. कचेरीत किंवा सोयरिकीला जायचं तर घोट्यापर्यंत, सोगा मोकळा. पाचोरा-जामनेर या छोट्या रेल्वेगाडीत शेंदुर्णी-पहूरचे शेतकरी चढत तेव्हा नुसत्या धोतरावरून कळे, कोण शेतातून तसाच आला आहे आणि कोण मामलेदाराकडे चालला आहे. साडेचार मीटरचं एकच कापड, आणि त्याचं माप दर वेळी हात ठरवत. माणूस वाळला, सुटला, म्हातारा झाला तरी धोतर त्याला बसतंच. शिंप्याचं सगळं ज्ञान नेसणाऱ्याच्या बोटांत असे. तयार धोतरात ते ज्ञान एकदाच, कारखान्यात शिवून टाकलं जातं आणि बोटं मोकळी होतात, मोकळी म्हणजे अडाणी.

हाच प्रवास स्कॉटलंडच्या किल्टने केला आहे. आज आपण ज्याला किल्ट म्हणून ओळखतो तो शिवलेला असतो, पाठीमागच्या चुण्या पक्क्या टाचलेल्या. त्याच्या आधी हायलँडच्या डोंगरातले लोक लोकरी कापडाचा एक लांब पट अंगाभोवती चुण्या घालून कमरपट्ट्याने आवळत, वरचा भाग खांद्यावर घेत, रात्री तोच पांघरत. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत हायलँडच्या बंडखोरांचा पाडाव झाला आणि लंडनच्या सरकारने त्यांच्या पोशाखावरच बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं काळं पाणी. सूट एकाच ठिकाणी होती: राजाच्या सैन्यात. बंदी १७८२ मध्ये उठली तोवर एक पिढी उलटली होती. पुढे १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी सोहळा असा मांडला की खुद्द राजा किल्ट घालून मिरवला. डोंगरी गुराख्यांचा वेष देशाचा मानाचा वेष झाला. आज तिथे लग्नाला, रग्बीच्या सामन्याला तरुण पोरं हौसेने किल्ट घालतात, भाड्यानेही आणतात.

हा इतिहास आपल्यापासून वाटतो तितका लांबचा नाही. जामनेरहून पहूर, वाकोद, फर्दापूर करत घाट चढलं की अजिंठा गाव लागतं, आणि त्याच्या पलीकडे भोकरदनजवळ असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती वेलस्लीची लढाई झाली, तीत ७४वी आणि ७८वी या हायलँडच्या दोन पलटणी होत्या. ७४वी तर जवळजवळ कापली गेली. जखमींसाठीचं इस्पितळ अजिंठा गावात होतं. ज्यांच्या बापजाद्यांना आपलं वस्त्र नेसल्याबद्दल तुरुंग होता, ते लोक त्याच साम्राज्यासाठी लढून आमच्या उशाशी येऊन पडले होते. आणि तिथून घाटाखाली, लेण्यांच्या भिंतींवर, पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं कमरेला नेसलेले पुरुष तेव्हाच हजाराहून अधिक वर्षं उभे होते. त्या वस्त्रांनाही शिवण नाही.

किल्ट टिकला तो शिवला गेला म्हणून, हे मला मान्य करावं लागतं. गणवेशासाठी तो झटपट चढवता यायला हवा होता. म्हणून तयार धोतर घालणाऱ्या नवरदेवाला मी नावं ठेवणार नाही. निदान त्याच्या फोटोत धोतराची आठवण आहे. पण स्कॉटलंडमध्ये असेही लोक आहेत जे तो जुना लांब पट जमिनीवर पसरतात, हाताने चुण्या पाडतात, त्यावर आडवे होऊन पट्टा आवळतात आणि उभे राहतात. शिवलेला किल्ट कपाटात असताना ते हे शिकतात. मला त्यांचं अगत्य समजतं.

मात्र सगळ्यांनी पुन्हा धोतर नेसावं, असं मी म्हणणार नाही. जे आप्पा अभिमानाने सांगतात, की धोतरावरून माणूस ओळखू येई, त्याची दुसरी बाजू मोठी दुखरी आहे. कोणी घोट्यापर्यंत सोडायचं आणि कोणी गुडघ्याखाली येऊ द्यायचं नाही, हे गावाने ठरवलेलं असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं होतं की जात दिसेल अशा तऱ्हेने लुगडं नेसणं सोडा. पुरुषांच्या कपड्यालाही ते लागू होतं. सदरा-पँटने पुष्कळांना गावच्या नजरेतून सोडवलं. ज्याच्या आजोबाला धोतर आखूड नेसावं लागलं, त्याने ते कायमचं टाकलं तर त्याचा निर्णय पूर्ण योग्य आहे. सक्ती नेसण्याचीही नको आणि न नेसण्याचीही. तमिळनाडूत २०१४ साली वेष्टी, म्हणजे तिथलं धोतर, नेसून आलेल्या न्यायमूर्तींना एका क्लबने दारातून परत पाठवलं, तेव्हा त्याच वर्षी तिथल्या विधानसभेने अशा अडवणुकीविरुद्ध कायदा केला. तिथे लोक वेष्टी रोज नेसतात, म्हणून अपमान सगळ्यांना लागला. आपल्याकडे एखाद्या मॉलने धोतरवाल्याला अडवलं तर किती जण रागावतील, याची मला खात्री वाटत नाही.

मला काळजी बोटांची आहे. आमच्या भावकीत धोतर नेसता येणारी माणसं सगळी पंचाहत्तरीच्या पुढची आहेत. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला खेड्यातली पहिली काँग्रेस भरली, तिथे आप्पांचे वडील गाडी जुंपून गेले होते, अंगावर घरच्या सुताचं धोतर होतं. त्यांनी आप्पांना शिकवलं. आप्पांनी त्यांच्या मुलांना शिकवलं नाही, कारण कोणी मागितलं नाही. मलाही त्यांनी शिकवलं ते मी घागरीला बसणार होतो म्हणून.

आखाजीनंतर पुतण्याने जोडीतलं दुसरं पान मागून घेतलं. त्याच्या मित्राचं लग्न आहे, त्यालाही शिवलेलं नको आहे. आता रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर आप्पा खुर्ची टाकून बसतात आणि समोर तीन-चार पोरं निऱ्या पाडत असतात. कोणालाही यायला मोकळीक आहे. फक्त आप्पांचं म्हणणं असं की कोरं धोतर घेऊन येऊ नका. आदल्या रात्री भिजवा, खळ काढा, आणि घट्ट पट्ट्याची सवय असेल तर सकाळी पोटभर न्याहारी करून या.