चांदीचे नाणे आणि मातीची साक्ष

२०२५ सालच्या मार्च महिन्यात मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात असीरगडाच्या परिसरात एक विलक्षण दृश्य दिसले. ‘छावा’ हा चित्रपट नुकताच प्रदर्शित झाला होता. त्यातील बऱ्हाणपूरच्या उल्लेखामुळे मोगलांचा खजिना तेथील शेतांत पुरलेला आहे, अशी आवई उठली आणि रात्रीच्या अंधारात बॅटऱ्या, कुदळी, चाळण्या व मेटल डिटेक्टर म्हणजे धातुशोधक यंत्रे घेऊन माणसे जमीन उकरू लागली. वृत्तपत्रांतील छायाचित्रांनी वाचकांची घटकाभर करमणूक झाली आणि विषय तेथेच संपला. वास्तविक तो तेथे संपावयास नको होता. जमिनीतून उद्या खरोखरच एखादे दुर्मिळ चांदीचे नाणे वर आले, तर त्याचे आपण काय करणार आहोत, हा प्रश्न त्या हास्यास्पद धावपळीमागे उभा होता आणि आजही तो अनुत्तरित आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना इंग्लंडचा अनुभव पाहणे उद्बोधक ठरेल. तेथे धातुशोधक यंत्र घेऊन शेते धुंडाळणे हा हजारो लोकांचा छंद आहे. २०१५ साली तेथे अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने दोन ठेवी सापडल्या. दोन्ही इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या उत्तरार्धातील, म्हणजे व्हायकिंग आक्रमणाच्या काळातील होत्या आणि दोन्हींत आल्फ्रेड व त्याचा समकालीन राजा दुसरा केओलवुल्फ यांची अतिशय दुर्मिळ चांदीची नाणी होती. पहिली ठेव लेमिन्स्टर गावानजीक सापडली. ज्यांना ती सापडली त्या दोघांनी ती दडवली, नाणी फोडून गुपचूप विकावयास काढली आणि २०१९ साली न्यायालयाने त्यांना दीर्घ मुदतीच्या तुरुंगवासाची शिक्षा ठोठावली. त्या ठेवीत सुमारे ३०० नाणी असावीत, असा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक हाती लागलेली नाहीत. दुसरी ठेव ऑक्सफर्डशायरमधील वॉटलिंग्टनजवळ एका निवृत्त गृहस्थाला सापडली. त्याने मोह आवरला आणि अधिकाऱ्यांना कळविले. तज्ज्ञांनी सुटी नाणी वेचण्याऐवजी मातीचा सबंध गोळाच उचलून ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत नेला व तेथे तो उकलला. पुढे २०१७ साली ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाने ती ठेव साडेतेरा लाख पौंडांना विकत घेतली.

या दुसऱ्या ठेवीने इतिहासात जी भर घातली, ती या पौंडांहून मोलाची आहे. आल्फ्रेडच्या वेसेक्स राज्यातील बखरकाराने केओलवुल्फची संभावना व्हायकिंगांच्या हातातील मूर्ख बाहुले अशी केलेली आहे, आणि पुढील पिढ्यांनी ते प्रमाण मानले. परंतु वॉटलिंग्टनच्या नाण्यांवर दोन्ही राजांनी शेजारी बसलेल्या दोन सम्राटांचे एकच चित्र वापरलेले दिसते. दोन शेजारी राजे एकाच धाटणीची नाणी पाडतात, याचा अर्थ त्यांच्यात काही काळ बरोबरीचे सख्य होते. ज्याचे नाव नंतर पुसले गेले, त्याची बाजू अकराशे वर्षांनी चांदीच्या काही चकत्यांनी मांडली. एकत्र राहिली म्हणूनच त्या चकत्या ही साक्ष देऊ शकल्या.

जुन्या नाण्याचे खरे मूल्य समजून घ्यावयाचे ते येथे. ते कोणत्या जागी होते, किती खोल होते, कोणत्या नाण्यांच्या सोबतीत होते, भांड्यात होते की कापडात, या गोष्टी ते उचलताना नोंदल्या नाहीत, तर त्या पुन्हा कधीही कळत नाहीत. नाणे मागाहून परत मिळविता येते. त्याची जागा परत मिळविता येत नाही.

इंग्लंडला हे शहाणपण सहजासहजी आले नाही. १९८० च्या दशकात सरे परगण्यातील वॉनबरो येथील प्राचीन देवालयाची जागा यंत्रधारी लुटारूंनी रात्री-अपरात्री पोखरून काढली, हजारो नाणी बाजारात नाहीशी झाली आणि जुना कायदा त्यापुढे दुबळा ठरला. त्या अनुभवातून १९९६ चा निखात निधीविषयक नवा कायदा आला. त्यानुसार ठेव सापडल्यास ती १४ दिवसांत कळवावी लागते आणि संग्रहालयाने ती घेतल्यास बाजारभावाने मोबदला मिळतो. तो शोधणारा व जमीनमालक यांच्यात विभागला जातो. सुटे एकेकटे नाणे सामान्यतः या सक्तीत येत नाही. त्यासाठी १९९७ पासून स्वेच्छेने नोंद करण्याची योजना आहे. परगण्यापरगण्यांत नेमलेला अधिकारी वस्तू पाहतो, जागा टिपतो आणि वस्तू परत देतो. अशा १५ लाखांहून अधिक वस्तूंची नोंद आजवर झाली आहे. प्रामाणिक माणसाला प्रामाणिकपणाचा तोटा होऊ नये, हे या सर्व व्यवस्थेचे सूत्र आहे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? महाराष्ट्राची भूमी या बाबतीत दरिद्री नाही. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षहरात राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांची जी ठेव सापडली, तीत १३ हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा उमटविली होती. गौतमीपुत्राने क्षहरातांचा निःपात केला, हे नाशिकच्या लेण्यातील शिलालेख सांगतो; पण तो विजेत्याच्या घरचा शब्द. जोगळटेंभीच्या नाण्यांनी त्याला स्वतंत्र पुरावा दिला. एकदोन नाण्यांवरून हे सिद्ध झाले नसते. हजारो नाणी एकत्र अभ्यासता आली म्हणून ते झाले. हीच ठेव मुशीत गेली असती, तर काही शेर चांदी हाती आली असती आणि सातवाहनांच्या इतिहासातील एक निर्णायक पान कायमचे कोरे राहिले असते.

आपल्या देशात निखात निधीचा जो कायदा आहे, तो १८७८ सालचा. दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे तो सांगतो. न कळविणाऱ्याचा वाटा जप्त होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. निधीला वारस नसेल आणि जागेचा मालक वेगळा असेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडविणाऱ्याला व एक चतुर्थांश मालकाला, हे ऐकावयास उदार वाटते. पण सरकारने निधी ताब्यात घेतल्यास द्यावयाची किंमत कायद्याने ठरविली आहे ती धातूची, आणि तिच्यावर पाचवा हिस्सा. म्हणजे गौतमीपुत्राचे नाणे आणि मोडीतले पैंजण यांच्यात या कायद्याच्या दृष्टीने एवढाच फरक! नांगराच्या फाळाला किंवा विहिरीच्या खोदकामात ठेव लागलेल्या शेतकऱ्यासमोर एका बाजूला पंचनामे, हेलपाटे व संशय आणि दुसऱ्या बाजूला रोख पैसे देणारा सराफ असतो. तो कोणाकडे वळेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, यंत्रांवर सरसकट बंदी घालावी म्हणजे प्रश्न मिटेल. संरक्षित स्थळी कडक बंदोबस्त हवाच, यात दुमत नाही. पण जोगळटेंभीच्या काळी यंत्रे नव्हती. आपल्याकडे ठेवी नांगराने, पायाच्या खणतीने, पुराने उघड्या पडत आल्या आहेत. बंदीने यंत्र थांबेल, सराफाची मूस थांबणार नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. परंतु सापडलेले प्रत्येक नाणे सरकारने विकत घ्यावे, असे कोणीच म्हणत नाही. छायाचित्र, वजन, जागा आणि सोबतच्या वस्तू यांची नोंद करून नाणे परत देण्यास तिजोरी रिती होत नाही. नाणी वाचणाऱ्या जाणकारांचीही वाण नाही. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था १९८० पासून उभी आहे.

तेव्हा तीन गोष्टी करण्यासारख्या आहेत. मोबदल्याची जोड धातूच्या भावाऐवजी पुरातन मूल्याशी घालण्यासाठी १८७८ च्या कायद्यात दुरुस्ती करावी. प्रत्येक जिल्ह्यात अशा वस्तूंची नोंद घेणारा एक अधिकारी नेमावा, आणि त्याच्या दारात जाताना नागरिकाला पोलिसाचे भय वाटू नये. तिसरी गोष्ट सरकारची वाट न पाहता होण्यासारखी आहे. खेड्यात नाणे सापडले की ते पुष्कळदा शाळेतील गुरुजींना दाखविले जाते किंवा त्याची कुजबूज तहसील कचेरीतील कारकुनाच्या कानी जाते. त्या क्षणी ‘हे घासू नका, वितळवू नका, कोठे सापडले ती जागा दाखवा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा’ एवढे बोलणारा एक माणूस तेथे असला, तरी पुष्कळ काही वाचेल. असीरगडच्या शेतांत रात्री जे हिंडत होते, त्यांना हे सांगणारे कोणी भेटले नव्हते. त्यांना हसणे सोपे आहे. पण नाणे दडविणे फायद्याचे आणि कळविणे तोट्याचे ठरविणारी व्यवस्था त्यांनी निर्माण केलेली नाही, ती आपण दीडशे वर्षे जशीच्या तशी चालू ठेवली आहे.