तळी मोजली, पाणी कोण मोजणार?

1990 साली मध्य प्रदेशातल्या देवासला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच देवास जिल्ह्याने 2006 पासून शेताशेतात तळी खोदायला घेतली. दहा वर्षांनी, एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी निघाली. आणि आपण काय केले? तिचे ‘जलदूत’ असे बारसे केले!

देवासचा प्रयोग कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कलेक्टर उमाकांत उमराव यांनी ‘पाणी वाचवा’ची प्रवचने झोडली नाहीत. त्यांनी बड्या शेतकऱ्यांना गाठले, कारण बोअर मारून भूगर्भ उपसणारे तेच. जमिनीचा दहावा-विसावा हिस्सा तळ्याला सोडा, पाऊस अडवा, उरलेल्यात बिनघोर रब्बी घ्या, हा सौदा त्यांच्यापुढे ठेवला. खोदाईचा खर्च सगळ्यांनाच दिसतो. सोडलेल्या जमिनीतले सोयाबीन कायमचे गेले, ही तळ्याची दुसरी किंमत. जिल्ह्यातल्या टोंक खुर्दकडच्या शेतकऱ्यांनी दोन्ही किमती मोजल्या, समोर गहू-हरभरा मांडला आणि जेसीबी बोलावला. सुरुवातीला अनुदान नव्हते. स्वतःचा पैसा अडकला की तळ्यात पाणी कुठून येते हे माणूस नीट बघतो. अनुदानाची ‘बलराम तालाब’ योजना नंतर आली. सरकार वरातीत सामील व्हायला कधी चुकत नाही.

माळव्यातल्याच धारला तर साडेबारा तलावांची जुनी ख्याती आहे. माळव्यात पाऊस साठवायचा असतो, हे तिथल्या राजांना कुठल्याही ‘मिशन’शिवाय कळले होते.

आता आपले कर्तृत्व पाहा. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आले. हेतू पाऊस अडवण्याचाच होता. पण द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात, वेगवेगळ्या योजनांच्या आधाराने, प्लास्टिकचे अस्तर घातलेली तळी उभी राहिली आणि ती भरली विहिरी-बोअरच्या पाण्याने! जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी विजेवर उपसायचे, चैत्र-वैशाखाच्या उन्हात उघडे ठेवायचे, आणि वाफ होऊन उडाले की दुष्काळाच्या नावाने गळा काढायचा. अस्तरामुळे त्यातला थेंबही परत मुरत नाही. बागायतदाराची बाग जगते, हे खरे. पण त्याची किंमत शेजारचा कोरडवाहू शेतकरी भरतो. त्याची विहीर डिसेंबरातच तळ गाठते आणि त्या नुकसानीची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

मंत्रालयाच्या तक्त्यात मात्र तळ्यांचा आकडा वाढतो आणि त्या आकड्यावरच सत्कार होतात. तळे पावसाने भरले की बोअरने, असा रकाना का नसावा? आणि जिथे उत्तर ‘बोअरने’ असेल, तिथे अस्तराला सरकारी तिजोरीतून एक रुपयाही देऊ नये.