नातवाचं लॅटिन

माझी मुलगी अमेरिकेत, ओहायोत असते. अकरा वर्षांच्या मुलाला ती घरीच शिकवते. तिकडे कायद्यानं तशी मुभा आहे. गेल्या उन्हाळ्यात गेलो, तर घरात रोजचा एकच तंटा! सकाळी तासभर लॅटिन, नामांची रूपं घोकायची. नंतर निबंधाची पाळी आली, की पोरगं पेन्सिल चावीत बसे. एके दिवशी त्यानं वहीच भिरकावली.

“अण्णा, दोन्हींतलं एक सोडावंच लागेल,” मुलगी रडवेली होऊन म्हणाली.

मी जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस, ‘सोड’ म्हणवेना. (खरं सांगू? ‘देवः देवौ’ घडाघडा म्हणणारी माझीही मुलं मराठीत चार ओळी धड लिहीत नसत.) मग पहिल्या एलिझाबेथ राणीचा शिक्षक रॉजर ॲस्कम आठवला. १५७० साली, त्याच्या मृत्यूनंतर, निघालेल्या पुस्तकात त्याची युक्ती आहे: लॅटिन उताऱ्याचं इंग्रजी करायचं, थोड्या वेळानं मूळ न पाहता त्याचं परत लॅटिन करायचं नि मुळाशी ताडायचं.

आम्ही घोकणी वीस मिनिटांवर आणली. उरलेल्या वेळात भाषांतर; तोच लेखनाचा तास. लॅटिनमध्ये क्रियापद बहुधा शेवटी, आपल्यासारखंच. इंग्रजीत आणताना वाक्य मोडून पुन्हा बांधावं लागतं.

“आजोबा, हे इंग्रजी वाटतच नाही!” असं म्हणून त्यानं आपणहून वाक्य खोडलं. मुलगी स्वयंपाकघरातून बघत होती.

स्वतःच्या मनचं लिहायला मात्र हे पुरेना. म्हणून शुक्रवारी लॅटिनला सुट्टी. त्या दिवशी मला पत्र. परवाच्या पत्रात शेजारच्या कुत्र्यावर पाऊण पान आहे. उत्तर अजून माझ्याकडूनच राहिलंय.