जिल्ह्याचा रंग, तालुक्याचे दैन्य

राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी विधिमंडळापुढे येते आणि तिच्यातील दरडोई उत्पन्नाच्या आकड्यांवरून महाराष्ट्राचा नकाशा रंगविला जातो. मुंबई, ठाणे, पुणे गडद. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम फिके. हा नकाशा खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तो जेवढे दाखवितो त्याहून अधिक झाकतो. आणि मागासलेपणाचा निवाडा त्याच्यावरून होऊ लागला म्हणजे हे झाकणे गरिबाच्या जिवावर बेतते.

ठाणे जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत जव्हार आणि मोखाडा हे आदिवासी तालुके ठाण्यातच मोडत. बेलापूर पट्ट्यातील कारखाने, भिवंडीचे यंत्रमाग आणि डोंगरउतारावर नाचणी-वरई पिकविणारी वारली कुटुंबे या साऱ्यांची एकच सरासरी निघे आणि अवघा जिल्हा संपन्न ठरे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके कुपोषणाने दगावली, ती याच 'संपन्न' जिल्ह्यात! सरासरीने कोणाचे पोट भरत नाही.

दुसरा भ्रम याहून सूक्ष्म आहे. जिल्ह्याचे उत्पन्न म्हणजे तेथे निर्माण झालेले मूल्य. तेथील रहिवाशांच्या हाती पडलेला पैसा नव्हे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते, त्याचे मूल्य गडचिरोलीच्या खाती जमा होते. परंतु खाणीचा नफा पायथ्याच्या गावातच राहतो असे नव्हे. उद्या त्या आकड्याकडे बोट दाखवून 'या जिल्ह्याला आता साहाय्य कशाला?' असे कोणी विचारले, तर त्याला काय उत्तर देणार?

१९८४ च्या दांडेकर समितीने अनुशेष मोजताना जिल्हा हा घटक मानला. त्या काळी ते मोठेच पाऊल होते. पुढे २०१३ च्या केळकर समितीने तालुक्यापर्यंत उतरण्याचा आग्रह धरला. तो रास्तच होता. आमची मागणी साधी आहे. शासनाने दरवर्षी दोन तालुकावार नकाशे शेजारी शेजारी प्रसिद्ध करावेत: एक उत्पादनाचा, दुसरा कुटुंबाच्या प्रत्यक्ष प्राप्तीचा. जेथे पहिला गडद आणि दुसरा फिका दिसेल, तेथे संपत्ती निर्माण होते पण थांबत नाही, हे शाळकरी मुलालाही कळेल. राज्यकर्त्यांना तेवढे कळणे अवघड नसावे.