फॉन्ट तुमच्या खिशातच आहे!

गॅदरिंगची किंवा टेक-फेस्टची वेबसाइट करायची ठरली, की ग्रुपवर सगळ्यात लांब चर्चा कशावर रंगते? फॉर्मवर नाही, वेळापत्रकावर नाही, फॉन्टवर! एकाला मॉन्टसेराट हवा असतो, दुसरीला पॉपिन्स, तिसरा कुठून तरी सुलेखनाचा फॉन्ट उतरवून आणतो. शेवटी चारही लागतात, लॅपटॉपवर साइट उघडते आणि कुणीतरी म्हणतं, ‘लय भारी, भावा!’

मग तीच लिंक चंदगडच्या एखाद्या मुलीच्या फोनवर जाते. ती एसटीत बसलेली, रेंज येऊन-जाऊन. पान उघडतं, बॅनरचा रंग दिसतो आणि मजकुराच्या जागी कोरं पांढरं. ती दोन सेकंद थांबते आणि मागे जाते. तुमचा फॉन्ट तिनं पाहिलेलाच नाही.

असं का होतं, हे समजून घ्या. वेब पानासोबत अक्षरांचे आकार येत नाहीत, ते फॉन्टच्या फाईलमध्ये असतात. तुम्ही बाहेरचा फॉन्ट लावलात की ब्राउझर ती फाईल आणायला धावतो. ती येईपर्यंत बहुतेक ब्राउझर मजकूर साधारण 3 सेकंद लपवून ठेवतात आणि मग नाइलाजानं फोनमधला फॉन्ट दाखवतात. इंग्रजीचं थोडक्यात भागतं. देवनागरीत मात्र काना-मात्रा, रफार, शेकडो जोडाक्षरं. त्यामुळे फाईल इंग्रजीच्या कित्येक पट जड. त्यात ठळक अक्षरांसाठी बहुतेक वेळा वेगळी फाईल.

आता खरी गंमत. मॉन्टसेराटमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत! म्हणजे तुम्ही तो हौसेनं लावता, पण तुमचं मराठी फोनमधल्याच फॉन्टात दिसतं. नवा साज चढतो तो फक्त अधल्यामधल्या इंग्रजी शब्दांना. पॉपिन्सचं तसं नाही, त्यात देवनागरी आहे. पण किती जण हे तपासून फॉन्ट निवडतात?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. वाचायचा जो मजकूर आहे, म्हणजे सूचना, वेळापत्रक, नियम, बातमी, तो फोनमध्ये आधीपासून असलेल्या फॉन्टातच द्या. स्टाइलशीटमध्ये ‘फॉन्ट-फॅमिली’पुढे ‘सिस्टिम-यूआय, सॅन्स-सेरिफ’ एवढंच लिहायचं, अर्थात इंग्रजी अक्षरांत. काही उतरवायचं नाही, मजकूर पानाबरोबरच येतो. हा गरिबांचा जुगाड नाही. वर्डप्रेसनं 2016 मध्ये आपल्या अ‍ॅडमिन पॅनेलमधून ओपन सॅन्स काढून हाच मार्ग धरला. मराठी विकिपीडियाचे लेखही तुम्ही तुमच्या फोनच्याच फॉन्टात वाचता.

‘फोनमधला फॉन्ट’ म्हटलं की काहीतरी फुकटचं, दुय्यम वाटतं. तसं अजिबात नाही. आपल्या आधीच्या पिढीला विचारा. मराठी वेबसाइट उघडण्याआधी ‘आमचा फॉन्ट डाउनलोड करा’ अशी पाटी असायची आणि तो नसला की पानावर इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसायचा. विंडोज 2000 पासून युनिकोडचा ‘मंगल’ संगणकातच मिळू लागला. तो घडवला होता आपल्या र. कृ. जोशींनी, जे कवी होते आणि सुलेखनकारही. त्यानंतर 2010-11 च्या सुमारास बऱ्याच अँड्रॉइड फोनवर मराठी मेसेज म्हणजे नुसत्या चौकोनांची रांग असायची. त्या चौकोनांना तंत्रज्ञ ‘टोफू’ म्हणतात. ‘नो टोफू’, म्हणजे हे चौकोन नकोत, यावरूनच गुगलच्या ‘नोटो’ फॉन्टचं नाव पडलं. आज अँड्रॉइडवर नोटो सॅन्स देवनागरी आणि आयफोनवर कोहिनूर देवनागरी आधीपासून असतात. वीस-पंचवीस वर्षांची ही कमाई आपल्या खिशात पडून आहे आणि आपण ती बाजूला सारून पुन्हा जड फाईल आणायला निघतो!

कोल्हापूरकरांना तर हे जास्त कळायला हवं. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 आणि 2021 च्या महापुरात वीज गेली, रेंज गेली, फोनची बॅटरी पुरवून पुरवून वापरावी लागली. अशा वेळी चिखली-आंबेवाडीच्या माणसाला फक्त पाणी किती फुटांवर आहे आणि कुठला रस्ता बंद आहे एवढंच हवं असतं. साध्या मजकुराचं पान काही केबींत मावतं. तीच माहिती सजवलेल्या फोटोतून दिली की ती कित्येक पट जड होते. पुढच्या पावसाळ्यात तुमच्यातलेच कुणीतरी मदतीचं पान बनवणार आहेत, त्यांनी हे आत्ताच डोक्यात ठेवावं.

फोटोवरून आठवलं. फॉन्ट बिघडेल या भीतीनं मराठी सूचना चित्र करून टाकायची आपल्याला सवयच लागली आहे. त्या चित्रातला मजकूर कॉपी होत नाही, साध्या शोधात सापडत नाही. आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर बहुतेक वेळा तिथे गप्प बसतो. परीक्षेची तारीख त्याला दुसऱ्या कुणाला तरी विचारावी लागते. फोनचा फॉन्ट वापरला तर त्या भीतीलाच जागा उरत नाही.

एक अट मात्र पाळाच. पानाच्या कोडमध्ये सुरुवातीला ‘लँग’ असं लिहिलेलं असतं. तयार टेम्प्लेट उचललं की तिथे इंग्रजीचं ‘ईएन’ तसंच राहतं. ते बदलून मराठीचं ‘एमआर’ करा. मराठीचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे लिहिले जातात. राज्य शासनाच्या नोव्हेंबर 2022 च्या निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच प्रमाण मानले आहेत. नोटोमध्ये ही दोन्ही रूपं भरलेली आहेत, पण पान मराठी आहे हे सांगितल्याशिवाय तो ती दाखवत नाही. मग कोल्हापूरमधला ल, शाहूपुरीतला, शिरोळमधला श, सगळे हिंदी वळणाचे होतात. गावाचं नाव आपलं आणि अक्षर पाहुण्याचं! शिवाय ‘एमआर’ असेल तर स्क्रीन रीडरलाही मराठी आवाज निवडता येतो.

आणखी तीन सवयी सोडा. ‘लेटर-स्पेसिंग’ वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापानं ठेवू नका, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. आणि मराठीला इटॅलिक लावू नका. फोनच्या देवनागरी फॉन्टात तशी वेगळी अक्षरं सहसा नसतात, ब्राउझर सरळ अक्षरंच ढकलून तिरकी करतो.

‘पण मग सगळ्यांच्या साइट सारख्याच दिसतील की!’ असं तुम्ही म्हणाल. मुद्दा बरोबर आहे. साइटला चेहरा हवाच. तो रंगांतून, मांडणीतून, तुम्ही काढलेल्या फोटोंतून द्या. अगदीच हौस असेल तर मोठ्या मथळ्यापुरता एक फॉन्ट घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्त परवान्याचे मुक्त आणि बलू मराठीत छान दिसतात. सोबत ‘फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप’ लिहा, म्हणजे तो येईपर्यंत मथळा फोनच्या फॉन्टात दिसत राहतो. आयफोनवर एक रूप आणि अँड्रॉइडवर दुसरं, हेही होईल. होऊ दे. एकच पान दोन फोन शेजारी धरून वाचणारा माणूस फक्त डिझायनर असतो.

वर्तमानपत्राचा फॉन्ट वाचकाला आठवत नाही, बातमी आठवते. वेबसाइटचंही तसंच. म्हणून साइट लाइव्ह करण्याआधी एक चाचणी घ्या. ग्रुपमधला सगळ्यात जुना, काच तडकलेला फोन मागा, वायफाय बंद करा, रेंज कमी असते अशा कोपऱ्यात उभे राहा आणि लिंक उघडा. पहिली ओळ लगेच वाचता आली तर तुमची साइट खरंच लय भारी!